अदलाबदलीच्या गोल सुया: आठ महिने वापरल्यावर

विणकामाची गोल सुई म्हणजे दोन आखूड सुया आणि त्यांना जोडणारी लवचीक केबल. अदलाबदलीच्या संचात सुया आट्यांनी केबलवर बसतात, हवी ती जोडी काढता-घालता येते. किती जोड्या, कुठलं लाकूड, पाऊच कसा, हे सगळं विकणाऱ्यांनी लिहून ठेवलंच आहे. मला लिहायचंय ते सांध्याबद्दल. सुई जिथे केबलला जोडतो ती इवलीशी धातूची टोपी, आणि तिच्यात टाचणीचं टोक जाईल एवढं भोक. या संचाबद्दलचं माझं मत आठ महिन्यांत तीनदा बदललं आणि तिन्ही वेळा कारण हा सांधाच होता.

जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात, रात्री साडेदहाच्या सुमारास, केबल टोपीतून निसटली. आटे सैल झाले नव्हते, ते तर घट्टच होते. टोपीत चिकटवून बसवलेली केबल सरळ बाहेर आली. सुईवर दादाचा स्वेटर होता. दादा चिखलदऱ्याला नोकरीला आहे, तिथे हजार मीटरच्या वरची थंडी, आणि संक्रांतीला तो घरी येणार होता. अंग आणि दोन्ही बाह्या जोडून गोल योक, म्हणजे छातीपासून गळ्यापर्यंतचा भाग, सुरू झालं होतं, एकूण 268 टाके. त्यातले चाळीसेक टाके माझ्या डोळ्यांदेखत मोकळे झाले. काही एक घर, म्हणजे एक ओळ, खाली गेले, काही चार-पाच घरं. मी जागची हलले नाही, कारण हललं की अजून चार गळतात.

शेजारच्या काकूंना फोन केला. त्या शाल पांघरून आल्या, चष्मा लावला आणि म्हणाल्या, "काहून घाबरून राहिली वं? टाके काही पळून नाही जात. तुझ्या आईच्या सुया काढ आधी." आईच्या 10 नंबरच्या अॅल्युमिनियमच्या सुया बिस्किटांच्या डब्यात होत्या. 10 नंबर म्हणजे सव्वातीन मिलिमीटर, माझी चालू सुई साडेचारची. गळलेले टाके उचलायला नेहमी बारीक सुई घ्यावी, टाका ताणला जात नाही आणि शेजारचा टाका ओढला जात नाही. टाके बारीक सुईवर गोळा करायचे आणि विणताना पुन्हा आपली जाड सुई घ्यायची. खाली गेलेले टाके काकूंनी क्रोशाच्या सुईने एकेक घर वर चढवले. साडेबारा वाजले. एकही टाका वाया गेला नाही.

आता मुळापासून सांगते. संच घेतला पोळ्याच्या आठवड्यात. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी नागपुरात मारबतीची मिरवणूक निघते, त्या दिवशी महाल-इतवारीतून काही येत-जात नाही, म्हणून पार्सल एक दिवस उशिरा आलं. किंमत 4,200 रुपये. साडेतीन ते आठ मिलिमीटरच्या आठ जोड्या, चार केबल, सांधा आवळायच्या दोन किल्ल्या. माझ्या घरात विणकामाच्या एका वस्तूवर एवढे पैसे कधीच गेले नव्हते. आईने आयुष्यभर आठ-दहा जोड्यांवर सगळ्या कुटुंबाचे स्वेटर, टोपडी, मोजे काढले. म्हणून पहिल्या दिवसापासून माझा हिशेब चालू होता: हे पैसे वसूल व्हायला हवेत.

सुरुवातीचे दोन महिने मी खूश होते. मोठं कारण म्हणजे नंबर. आपल्याकडच्या जुन्या सुयांवर जुने इंग्रजी नंबर असतात, त्यात नंबर वाढला की सुई बारीक होते. 8 नंबर म्हणजे चार मिलिमीटर, 10 म्हणजे सव्वातीन. अमेरिकेतला हिशेब उलटा, तिथे नंबर वाढला की सुई जाड: त्यांची 8 म्हणजे पाच मिलिमीटर, 10 म्हणजे सहा. काही वर्षांपूर्वी मी एका अमेरिकन पुस्तकातला नमुना आईच्या 8 नंबरवर विणला आणि भाचीसाठीचा स्वेटर तिच्या बाहुलीला बसेल एवढा झाला. ते दोन महिन्यांचं काम होतं. या संचावर फक्त मिलिमीटर लिहिलेत, म्हणून तो घोळ संपला. जुन्या सुया वापरत असाल तर भोकांची मापपट्टी जवळ ठेवा, सुई भोकातून घालून माप बघा, नंबरावर विश्वास ठेवू नका.

दुसरं कारण लाकूड. आपल्याकडे दुकानात लोकर म्हणून मिळते ती बहुतेक अॅक्रिलिक. ती अॅल्युमिनियमवर फार सटकते. बर्चच्या पातळ थरांच्या या सुयांवर टाका थांबतो. नागपूरच्या उन्हाळ्यात घामेजल्या हातांनी विणताना हा फरक जास्त कळतो.

पहिली कुरबुर ऑक्टोबरमध्ये. मेट्रोत लोकमान्य नगरहून बर्डीला जाताना विणत होते. लांब सरळ सुया घेऊन बसलं की शेजारच्याच्या कोपराला लागतात, गोल सुईचं तसं नाही, ती मांडीवर मावते. एलएडी चौक गेला आणि टाके सांध्यापाशी अडायला लागले. पाहते तर आटे सुटलेले, टोपी आणि सुई यांच्यात फट. त्या फटीत लोकरीचे तंतू अडकले होते. विणताना उजवी सुई प्रत्येक टाक्याला थोडी फिरते. हजारो टाक्यांनंतर ती फिरकी आट्यांवर येते. म्हणून किल्ली. केबलच्या टोपीतल्या भोकात किल्लीचं टोक घालून धरायचं आणि सुई पिळायची. नुसत्या बोटांनी पिळलेली सुई टिकत नाही, हे मी त्या दिवशी शिकले. किल्ली घरी होती. शंकरनगर चौकापर्यंत दोन बोटांनी फट धरून बसले.

त्यानंतर मी दर चौथ्या ओळीला किल्ली लावायला लागले. किल्ली म्हणजे वाकवलेली तार, दुसरं काही नाही. पण ती मला सुटी मिळाली नाही. एक किल्ली दिवाळीच्या साफसफाईत गेली. इतवारीत विणकामाच्या चार दुकानांत विचारलं. एका दुकानदारांनी मशीनचं तेल, मणी, बटणं सगळं दाखवलं आणि म्हणाले, "ताई, ही किल्ली कंपनीचीच लागते, आमच्याकडे कुठून येणार?" चार हजारांच्या संचात रुपयाच्या तारेसाठी माणूस अडावं, याचा मला तेव्हाही राग होता आणि आजही आहे. सध्या मी कागदाची यू पिन सरळ करून वापरते. टोक घासून गोल केलंय, नाहीतर लोकर फाटते.

आता तक्रारीचं. केबल निसटल्यावर दुसऱ्याच दिवशी फोटो पाठवले, बिल जोडलं. उत्तर आलं, केबल ओढली गेली असेल, केबलला हमी नाही. मी लिहिलं, केबल ओढण्यासाठीच असते, तिच्यावरूनच टाके सरकतात. मग म्हणाले, पूर्ण संच परत पाठवा, कुरिअर तुमचं. संच पाठवला असता तर स्वेटर पंधरा दिवस खोळंबला असता. शिवाय सगळा संच पाठवायचा तर कुरिअरचेच दोनशेच्या आसपास लागले असते, आणि सुटी केबल अडीचशेला मिळते. मी नकार दिला आणि फक्त केबल मागितली. त्यांनी लांबी विचारली. मी पट्टी लावून मोजली आणि लिहिलं, 76 सेंटिमीटर. तेवीस दिवसांनी केबल आली ती 80 नंबरची, आणि माझ्या केबलहून चांगली वीतभर आखूड.

घोळ कुठे झाला ते नंतर कळलं. केबलवर लिहिलेलं माप सुया जोडल्यावरच्या पूर्ण लांबीचं असतं. 100 ची केबल नुसती मोजली तर 76 भरते, 80 ची 56. हे पाकिटावर बारीक अक्षरांत असतं, पण केबल काढल्यावर पाकीट कोण जपून ठेवतं? तुम्ही केबल मागाल तेव्हा नुसत्या तारेचं माप देऊ नका, जोडल्यावर किती ते सांगा. मला चूक कबूल आहे, पण त्यांनी एकदा विचारायला हवं होतं. योकचे 268 टाके तोवर संचातल्या 80 च्या केबलवरच दाटीवाटीने बसले होते, कसेबसे सरकत होते, आणि दर वेळी ढकलताना मला पुन्हा सांध्याचीच काळजी.

स्वेटर मात्र वेळेवर झाला. त्याचं सगळं श्रेय एलिझाबेथ झिमरमन या बाईंना. त्या इंग्लंडमध्ये जन्मल्या आणि अमेरिकेत विस्कॉन्सिनला राहिल्या. अमेरिकेत गोल सुयांवर बिनशिवणीचे स्वेटर विणायची आवड अनेकांना त्यांच्यामुळेच लागली. त्यांची रीत टक्केवारीची आहे. दादाची छाती 40 इंच, माझे टाके इंचाला 5, म्हणजे 200. हे शंभर टक्के. मनगट 20 टक्के, म्हणजे 40 टाके. दंड 33 टक्के, 66. काखेत 8 टक्के, प्रत्येकी 16 टाके बाजूला थांबवून ठेवायचे. गळा 40 टक्के, 80. अंगाचे 168 आणि दोन्ही बाह्यांचे पन्नास-पन्नास मिळून ते 268 आले. कागदावर पाच आकडे आणि स्वेटर. आधी मी नमुन्याचे कागद छापून आणायचे, त्यात वाटेल तिथे चुकायचे. आता एक चौकोन विणून इंचाला किती टाके ते मोजते आणि गुणाकार करते. लोकर बदलली तरी चालतं. नमुन्यांवरचा खर्च थांबला, हेही लिहून ठेवते.

मे-जूनमध्ये मी विणते कमी, वाचते जास्त. 44-45 अंशांत कूलरसमोर बसूनही लोकर मांडीवर नको वाटते. तेव्हा विणकामाच्या गोष्टी असलेलं काहीही चालतं. चार्ल्स डिकन्सच्या फ्रेंच राज्यक्रांतीवरच्या, 1859 साली आलेल्या कादंबरीतली मादाम दफार्ज ज्यांना मारायचं त्यांची नावं विणकामात नोंदवत असते. ती कल्पना माझ्या डोक्यात राहिली होती. दादाच्या योकमध्ये, केबल निसटली त्या ओळीत, मी एक टाका मुद्दाम उलट घातला. सगळीकडे सुलट आणि तिथे एक उलट. दादाला सांगितलेलं नाही. मला तो स्वेटर उसवून कधी काही शोधायचं नाहीये, फक्त ती रात्र कुठेतरी नोंदलेली असावी असं वाटलं.

आता तिसरं मत, जे मला फेब्रुवारीत मिळालं आणि ज्यामुळे मी हा संच विकून टाकला नाही. ते भोक. किल्लीसाठी असलेल्या त्याच भोकात बारीक गुळगुळीत सुती दोरा ओवायचा, लोकरीपेक्षा वेगळ्या रंगाचा. मग एक ओळ विणायची. विणत गेलं की दोरा सुईमागोमाग सगळ्या टाक्यांतून आपोआप ओढला जातो. ओळ संपली की दोरा भोकातून काढून दोन्ही टोकं लांब सोडायची. पुढे काहीही झालं, जाळी चुकली, केबल निसटली, मांजर आली, तरी त्या दोऱ्याच्या खाली एक घरही उसवत नाही. आधी मी हे नुसत्या सुईने, टाक्याटाक्यातून, भरपूर वेळ घालून करायचे, म्हणून करायचेच नाही. आता काहीच कष्ट नाहीत. एक सांभाळा: ओळीत खुणेच्या कड्या असतील तर दोरा त्यांच्यातूनही जातो आणि कडी तिथे कायमची अडकते. त्या ओळीपुरत्या उघडणाऱ्या कड्या वापरा किंवा कडी उचलून पुढे घ्या.

जानेवारीत हे माहीत असतं तर काकूंना रात्री उठवावं लागलं नसतं. संचासोबतच्या कागदावर किल्लीचं चित्र आहे, दोऱ्याबद्दल एक शब्दही नाही. एवढी उपयोगाची गोष्ट लिहायला त्यांना काय जड गेलं असतं?

हिशेब असा. आठ जोड्यांपैकी मी वापरल्या तीन: चार, साडेचार आणि पाच. सात आणि आठ मिलिमीटरच्या सुयांना लागते तेवढ्या जाड लोकरीचं नागपुरात कोणी काही घालत नाही, आमची थंडी डिसेंबर-जानेवारीची, सहा आठवड्यांची. म्हणजे माझी प्रत्येक वापरलेली जोडी 1,400 ची पडली. पूर्ण संच घेऊ नका. तुम्ही खरोखर विणता त्या दोन-तीन जाडीच्या टोकांच्या जोड्या सुट्या घ्या, केबल 80 ची एक आणि 100 च्या दोन, कारण एक जाणारच. मोजे आणि बाह्या 100 च्या केबलचा मोठा फास काढून होतात, त्यासाठी चार-पाच आखूड सुया घ्यायची गरज नाही. घेतल्याबरोबर प्रत्येक केबलची टोपी दोन बोटांनी धरून हलकेच ओढून बघा. फिरली किंवा हलली तर तिथल्या तिथे परत करा, टाके चढवू नका.

नवीन केबलच्या दोन्ही टोप्या मी दर रविवारी तपासते. सुईवर सध्या काकूंची शाल आहे, पांढरी, जाळीची, 310 टाक्यांची. लाल दोरा 112 व्या ओळीत आहे आणि मी 118 व्या ओळीवर.