हतनूरच्या गाळावर आठ महिने: डेप्थ फाइंडर घेताना आणि बसवताना

हतनूर धरणाच्या पाण्यात, चांगदेवच्या तापी-पूर्णा संगमाच्या खालच्या अंगाला, आमचा डेप्थ फाइंडर, म्हणजे ध्वनी सोडून त्याच्या प्रतिध्वनीवरून पाण्याची खोली आणि मासे दाखवणारं यंत्र, ऑक्टोबर ते मे असं जवळपास रोज चाललं. नाव फायबरची, सपाट बुडाची, मागे छोटं इंजिन. यंत्र चार इंची पडद्याचं, ध्वनीच्या २०० आणि ८३ किलोहर्ट्झ या दोन्ही वारंवारिता चालवणारं, जीपीएस असलेलं. या पाण्याला एवढं पुरतं. नऊ इंची पडद्याचे पैसे वाचवा आणि ते बॅटरी आणि ट्रान्सड्यूसरच्या (पाण्यात राहून ध्वनी सोडणाऱ्या आणि परत ऐकणाऱ्या भागाच्या) बैठकीवर घाला. यंत्र वाईट निघालं म्हणून परत करणाऱ्यांपैकी बहुतेकांची बैठकच चुकलेली असते.

घेताना डब्यावरच्या वॅटच्या आकड्याला भुलू नका. पीक-टू-पीक (लाटेच्या टोकापासून टोकापर्यंतचा फुगवलेला आकडा) लिहिलं असेल तर आठाने भागा, म्हणजे खरा आरएमएस, म्हणजे प्रत्यक्ष ताकदीचा आकडा मिळतो. २००-३०० वॅट आरएमएस हतनूर, वाघूर, गिरणा सगळीकडे भरपूर झाले. अक्कलकुवा-धडगावकडे सरदार सरोवराच्या फुगवट्यात नाव घालणाऱ्यांनी मात्र जास्त ताकदीचं बघावं, कारण तिथली नर्मदेची दरी खरंच खोल आहे.

वारंवारितेचं गणित सोपं आहे. २०० किलोहर्ट्झचा ध्वनीचा झोत साधारण २० अंशांचा, म्हणजे तळावर खोलीच्या एक तृतीयांश रुंद: १० मीटर पाण्यात साडेतीन मीटरचं वर्तुळ. ८३ चा झोत ६० अंशांचा, तेवढ्याच पाण्यात साडेअकरा मीटर. रुंद झोतात मासे जास्त दिसतात, पण ते नावेच्या खालीच आहेत असं नाही. शिवाय उताराच्या तळावर रुंद झोत आधी उंच भाग पकडतो आणि खोली कमी दाखवतो. जुन्या नदीपात्राची कड शोधायची तर २०० लावा.

आता बैठक. ट्रान्सड्यूसर मागच्या फळीवर, इंजिनाच्या पंख्यापासून किमान ३०-४० सेंटीमीटर दूर. पंखा उजवीकडे फिरणारा असेल तर उजव्या बाजूला, कारण तिथे पाती खाली जातात आणि फेस कमी येतो. तोंड बुडाच्या पातळीपेक्षा तीनेक मिलिमीटर खाली, मागची कड किंचित खाली झुकलेली. बुडाच्या रिवेटच्या किंवा पट्टीच्या मागे कधीच नाही, तिथून बुडबुड्यांची रांग निघते. वेग घेतला की तळाची रेघ तुटत असेल तर यंत्राला शिव्या देऊ नका, एकेक-दोन मिलिमीटर खाली घेत जा. स्क्रूच्या भोकात सिलिकॉन भरूनच स्क्रू पिळायचा.

भोक पाडायचं नसेल तर भरीव फायबरच्या बुडाला आतून इपॉक्सीने चिकटवता येतो. मात्र इपॉक्सीत एकही बुडबुडा राहता कामा नये, आणि पाण्याचं तापमान मग चुकीचंच दिसणार. लाकडी, पत्र्याच्या किंवा आत फोम भरलेल्या नावेत हा प्रकार चालत नाही. तिथे इंची पाइप आणि सी-क्लॅम्प हीच युक्ती: बाजूला अडकवा, काठावर येताना वर उचला.

हतनूरचा खरा मुद्दा गाळाचा. २०० किलोहर्ट्झ मऊ गाळाच्या वरच्या थरावरूनच परत येतो. दोरीला एक किलोचं वजन बांधून मोजलं तर वजन गाळात रुततं आणि दोरी जास्त खोली दाखवते. यंत्र खोटं नसतं, दोघं वेगळं मोजत असतात. वजनाखाली ताटाएवढा सपाट पत्रा बांधा, म्हणजे ते गाळावर टेकेल आणि आकडे जुळतील. मग पत्रा काढून पुन्हा मोजा: जो फरक येईल तेवढा मऊ गाळ, तिथे नांगर धरणार नाही. पडद्यावरही कळतं. खडक-मुरमाची रेघ ठळक, आणि दुप्पट खोलीवर दुसरी रेघ उमटते. गाळाची रेघ फिकट, खालून पसरट, आणि दुसरी रेघ गायब. हे नीट दिसायला संवेदनशीलता ऑटोवर नको, हाताने ठेवा. पहिल्या पुरानंतर पाणी गढूळ असताना पडदा ठिपक्यांनी भरतो, तेव्हा ती थोडी उतरवा.

सेटिंगमध्ये पाणी गोडं निवडायला विसरू नका. खाऱ्यावर राहिलं तर ध्वनीचा वेग चुकीचा धरला जातो आणि खोली तीनेक टक्के चुकते. ट्रान्सड्यूसर पाण्याखाली २० सेंटीमीटर असेल तर तेवढा ऑफसेट (आकड्यात मिळवायची भर) घाला, नाहीतर आकडा पृष्ठभागापासूनचा नसतो.

माशांची चित्रं दाखवणारा पर्याय बंदच ठेवा. बुडालेल्या बाभळीच्या फांद्या, बुडबुडे, सगळ्यांना तो मासा म्हणतो. कच्च्या चित्रात नाव चालती असेल तर मासा कमानीसारखा उमटतो, नाव थांबली असेल तर लांब आडवी रेघ होते. तळाला चिकटून बसलेला मासा बहुतेक वेळा दिसतच नाही, कारण झोतात तो आणि तळ एकच होतात. बाभळीचे खुंट मात्र छान दिसतात. प्रत्येकाची जीपीएस खूण ठेवल्यावर जाळी फाटणं निम्म्याहून कमी झालं, आणि आमच्या मते यंत्राचे पैसे तिथेच वसूल झाले.

वीज: १२ व्होल्ट ७ अँपिअर-तासाची यूपीएसची बॅटरी. यंत्र अर्धा अँपिअर खातं आणि शिशाची बॅटरी निम्म्याखाली उतरवू नये, म्हणजे सातेक तास. लिथियम आयर्न फॉस्फेट बॅटरी हलकी पडते आणि जास्त वेळ चालते, पण तिचा चार्जर वेगळा घ्यावा लागतो. फ्यूज ३ अँपिअरचा, बॅटरीच्या धन टोकाजवळ. इंजिन सुरू केल्याबरोबर पडद्यावर उभ्या रेघा आल्या तर यंत्राची वीज इंजिनाच्या विजेपासून वेगळी करा आणि ट्रान्सड्यूसरची वायर स्पार्क प्लगच्या तारेपासून दूर न्या. उरलेली वायर कापायची नाही, आठाच्या आकड्यात गुंडाळून बांधायची.

तक्रारी दोनच. मे महिन्यात भुसावळच्या उन्हात झाकण न घालता ठेवलेला पडदा काळा पडतो, सावलीत अर्ध्या तासाने परत येतो, पण असं वारंवार होऊ देऊ नये. दुसरी, ट्रान्सड्यूसरच्या तोंडावर शेवाळाची बुळबुळीत साय चढते आणि चित्र हळूहळू मंद होतं. आठवड्याला साबणाच्या पाण्याने मऊ फडक्याने पुसा, थिनर किंवा पेट्रोल लावलं तर प्लास्टिकचं तोंड तडकतं. प्लगच्या पिनांना महिन्यातून एकदा सिलिकॉन ग्रीसचं बोट लावलं की हिरवा गंज धरत नाही.