शिया बटर: पुण्याच्या हवेत कुठे कामाचं, कुठे उगाच

डिसेंबरात पुण्याचा रात्रीचा पारा 10 अंशांकडे घसरला की टाचा फुटतात आणि नडग्यांवर नखाने ओढलं तरी पांढरी रेघ उठते. या दिवसांत शिया बटर, म्हणजे शिया नावाच्या झाडाच्या बियांतली घट्ट चरबी, खरोखर कामाचं आहे. बाजारात ते तीन रूपांत दिसतं: पिवळसर, वासाचं अनरिफाइन्ड, पांढरंशुभ्र, बिनवासाचं रिफाइन्ड, आणि बाटलीवर ‘शिया बटर’ असं ठसठशीत छापलेली लोशनं. पैसे मोजावेत ते पहिल्यासाठी. वास सहन होत नसेल तर दुसरं घ्या. तिसऱ्याची मागची बाजू वाचल्याशिवाय पाकिटात हात घालू नका.

मागे घटकांची यादी उतरत्या क्रमाने असते. एक टक्क्याहून कमी असलेले घटक शेवटी कसेही लिहिता येतात. शियाचं यादीतलं नाव ब्युटिरोस्पर्मम पार्काय. ते पाणी, ग्लिसरीन, मिनरल ऑइल, मेण हे सगळं संपल्यावर परफ्यूमच्या शेजारी दिसलं, तर बाटलीत शिया नावापुरतंच आहे. लोशन म्हणून ते वाईट असेलच असं नाही, पण जादा पैसे कशाचे?

शियाचं झाड पश्चिम आफ्रिकेतलं. घाना, बुर्किना फासो, माली, नायजेरिया या पट्ट्यात बिया उकडून, वाळवून, भाजून, वाटून, पाण्यात हाताने मळून चरबी वेगळी करतात. अनरिफाइन्ड शियाला येणारा किंचित धुरकट, सुक्या मेव्यासारखा वास त्या भाजण्यातून येतो. तो दोष नव्हे. (कुळाने हे झाड आपल्या मोहाचं आणि चिकूचं भाऊबंद आहे. मोहाच्या बियांतूनही अशीच घट्ट चरबी निघते.) त्यात मुख्यतः ओलिक आणि स्टिअरिक ही दोन मेदाम्लं असतात. ओलिकमुळे ते पसरतं, स्टिअरिकमुळे घट्ट राहतं. शिवाय साबण न होणारा भाग, म्हणजे ट्रायटर्पीन नावाची वनस्पतिजन्य द्रव्यं, व्हिटॅमिन ई वगैरे, बहुतेक तेलांत एखाद-दोन टक्के असतो. शियात तो अनेकदा पाच टक्क्यांच्या वर जातो. रिफाइन करताना यातला काही भाग जातो, म्हणून अनरिफाइन्डला झुकतं माप.

दुकानात पारख करायची तर हरभऱ्याएवढा तुकडा तळहातावर घेऊन चोळा. चांगलं शिया मिनिटभरात पूर्ण विरघळतं. मेणचट कण उरले आणि ते चोळूनही जात नसतील तर मेणाची किंवा कडक चरबीची भेसळ समजा. जुन्या शेंगदाण्याच्या तेलासारखा खवट वास आला तर माल शिळा. रंग मात्र फसवा असतो: गडद पिवळं शिया अनेकदा मुळाचा रंग घालून केलेलं असतं, त्याने गुण वाढत नाही.

बारीक दाणे लागले म्हणून परत करायला धावू नका. शिया साधारण 32 ते 38 अंशांच्या दरम्यान वितळतं आणि एप्रिल-मे महिन्यात कुरियरच्या गाडीत तेवढं सहज तापतं. मग घरी येऊन हळूहळू गार होताना स्टिअरिकचा भाग आधी गोठतो आणि ते रवाळ तुपासारखं दिसतं. उपाय सोपा आहे. पातेल्यात पाणी उकळत ठेवून वर स्टीलच्या वाटीत शिया पूर्ण वितळवा, दाणे विरेपर्यंत 15-20 मिनिटं गरम ठेवा आणि लगेच फ्रीझरमध्ये टाका. चटकन गोठलं की दाणे धरत नाहीत. ओट्यावर निवायला ठेवलंत तर पुन्हा तीच गत.

आता वापर. शियात पाणी नसतं, त्यामुळे ते कोरड्या कातडीला ओलावा देत नाही. असलेला ओलावा उडू देत नाही. बहुतेकांची चूक इथेच होते: दुपारी कोरड्याठाक हातावर चोळतात आणि ‘नुसतं ओशट झालं’ म्हणून डबा मागे सारतात. आंघोळीनंतर अंग टिपून घ्या, पूर्ण पुसू नका. दोन-तीन मिनिटांच्या आत, ओलसर कातडीवर, तळव्यांत वितळवलेलं शिया लावा. दोन्ही नडग्यांना मिळून हरभऱ्याएवढं पुरतं. टाचांसाठी रात्री 10 मिनिटं कोमट पाण्यात पाय बुडवा, टिपा, वाटाण्याएवढं शिया भेगांत दाबून भरा, सुती मोजे घाला. कातडी जाड, पिवळी पडली असेल तर एकट्या शियाने भागणार नाही. आधी काही दिवस 10 टक्के युरियाचं क्रीम लावून ती मऊ करावी लागते. भेगांतून रक्त येत असेल किंवा मधुमेह असेल तर घरगुती प्रयोग नकोत, डॉक्टरांना दाखवा.

तेलकट, मुरुमांच्या चेहऱ्याने यापासून चार हात लांब राहावं. आणि याने ऊन अडतं म्हणून सनस्क्रीन सोडू नका. शियाचा तो गुण नावापुरता आहे.

केसांसाठी मत थोडं कडक आहे. कुरळे, रंगवलेले, टोकाला फुटणारे केस असतील तर उत्तम. सरळ आणि पातळ केस मात्र चप्प बसतात. खांद्यापर्यंतच्या केसांना हरभऱ्याएवढं, तेही फक्त खालच्या अर्ध्या भागाला, धुण्याआधी अर्धा-पाऊण तास. टाळूला लावू नका. कोंडा वाढवणारी मॅलेसेझिया ही बुरशी याच मेदाम्लांवर पोसते. धुताना शाम्पू आधी शिया लावलेल्या कोरड्या केसांवर चोळा, मग पाणी घ्या. नुसत्या शिकेकाईने हा लेप नीट उतरत नाही. वाघोलीसारख्या भागात टँकरचं किंवा बोअरचं जड पाणी असेल आणि केसांना साबण लावत असाल तर चिकट थर हमखास बसतो, कारण जड पाण्यातला कॅल्शियम साबणाशी मिळून साका धरतो.

घरी फेटून ठेवायचं असेल तर 70 ग्रॅम शिया आणि 27 ग्रॅम बदामाचं किंवा करडईचं तेल एकत्र वितळवा, फ्रीजमध्ये ठेवा. कडा गोठल्या आणि मध्ये बोट दाबल्यावर खळगा राहिला की बाहेर काढून तीन ग्रॅम आरारूट घाला आणि हँड मिक्सरने पाच-सात मिनिटं फेटा. पातळ असतानाच फेटलंत तर हवा धरत नाही, दगड झाल्यावर फेटलंत तर गुठळ्या राहतात. उन्हाळ्यासाठी शिया 50 ग्रॅम आणि कोकमतेल 20 ग्रॅम करा, नाहीतर मे महिन्यात बरणीत तेलच सापडेल. हौसेने गुलाबपाणी किंवा कोरफडीचा गर घालू नका: ते फाटतं, आणि पाणी शिरलं की बुरशी येते. ओलं बोटही चालत नाही, चमचा ठेवा.

कोकमतेलाचा, म्हणजे कोकणातल्या भिरंडेलाचा, विषय निघालाच आहे तर: ते साधारण 40 अंशांच्या आसपास वितळतं, म्हणून कडक असतं, किसून घ्यावं लागतं, पण वास जवळजवळ नाही आणि टाचांना ते शियाइतकंच लागू पडतं. फक्त टाचांसाठीच हवं असेल तर आफ्रिकेतून आलेल्या डब्यावर खर्च न करता कोकणी मेव्याच्या दुकानातून भिरंडेल आणा. हात, कोपरं आणि केस यांना मात्र शियाचा मऊपणा हवा.

पहिल्यांदा 100 ग्रॅमच घ्या. रोज हातापायांना लावून एका माणसाला थंडीभर बहुधा पुरतं. कोपराच्या आतल्या बाजूला लावून दोन दिवस वाट पाहा, सुक्या मेव्याची ॲलर्जी असेल तर डॉक्टरांना विचारूनच. डबा गॅसजवळ किंवा खिडकीत ठेवू नका.