माझीच रॅम मला विकली

गेल्या आठवड्यात आमच्या गल्लीच्या टोकाला झेरॉक्सचं दुकान चालवणाऱ्या वहिनी सांगत होत्या, "कॉम्प्युटर बंद पडलाय, दुरुस्तीवाला म्हणतो रॅमचे स्लॉट गेलेत, बोर्ड बदलावा लागणार." रॅम म्हणजे कॉम्प्युटरच्या तात्पुरत्या मेमरीची पट्टी, स्लॉट म्हणजे ती बसवायची जागा, आणि बोर्ड म्हणजे सगळे भाग जोडणारा मदरबोर्ड. दुकान कुठलं ते विचारलं आणि पोटात गोळा आला. चार महिन्यांपूर्वी त्याच टेबलासमोर उभी राहून मी हेच वाक्य ऐकलं होतं. तेव्हा घरी कुणाला सांगायची लाज वाटली, म्हणून गप्प बसले. ते चुकलं. म्हणून आता सगळं सविस्तर लिहिते.

मी सांगलीत घरीच डीटीपीचं, म्हणजे कॉम्प्युटरवर छपाईची पानं जुळवायचं, काम करते. लग्नपत्रिका, शाळांचे अहवाल, कवितासंग्रह, आणि पावसाळा संपत आला की एक-दोन दिवाळी अंक. ऑगस्ट २०१९च्या महापुरात आयर्विन पुलापाशी पाणी ५७ फुटांच्या वर गेलं, तेव्हा तळमजल्यावरचं माझं जुनं मशीन पाण्याखाली गेलं. त्याच वर्षी दिवाळीनंतर कर्ज काढून नवीन जोडून घेतलं. इंटेलचा नवव्या पिढीचा आय-फाइव्ह प्रोसेसर, म्हणजे कॉम्प्युटरचा मेंदू, चार स्लॉटचा मदरबोर्ड आणि ८ जीबीच्या दोन डीडीआर-४ रॅम. २०२१ला पुन्हा पूर आला तेव्हा हे मशीन वरच्या मजल्यावर होतं, त्याला पाण्याचा थेंबही लागला नाही. हे मुद्दाम सांगते, कारण पुढे याच पुराचा आधार घेऊन मला फसवलं.

२०२३च्या मे महिन्यात मशीन तापायला लागलं. त्या दुकानात साफसफाईला दिलं. त्यांनी प्रोसेसर थंड ठेवणारा कूलर काढला, दोघांमधली उष्णता वाहून नेणारी थर्मल पेस्ट बदलली आणि परत बसवून दिलं. पावसाळ्यात दोन-तीनदा असं झालं की पहिल्या झटक्यात मशीन सुरू व्हायचं नाही, दुसऱ्यांदा बटण दाबलं की व्हायचं. मी मनावर घेतलं नाही.

गणपती उठले आणि ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात एका सकाळी पंखे फिरायला लागले, थांबून थांबून बीप वाजायला लागली आणि स्क्रीन काळी ती काळीच. अंकाची एकशे साठ पानं अर्धवट होती आणि छापखान्याची तारीख आठ दिवसांवर. रिक्षात कॅबिनेट घालून तेच दुकान गाठलं.

तिथल्या माणसाने माझ्यासमोर जे करून दाखवलं, ते नीट वाचा. साऱ्या फसवणुकीचं मूळ त्यात आहे.

प्रोसेसरच्या बाजूने मोजलं तर बोर्डावर एक, दोन, तीन, चार असे रॅमचे स्लॉट. माझ्या दोन रॅम दुसऱ्या आणि चौथ्या स्लॉटमध्ये होत्या. त्याने दोन्ही काढल्या. पहिली रॅम चौथ्या स्लॉटमध्ये लावली, मशीन सुरू झालं, ८ जीबी दिसली. तीच रॅम दुसऱ्या स्लॉटमध्ये लावली, डिस्प्ले नाही, बीप. "बगा मॅडम, हा स्लॉट मेला." मग दुसरी रॅम घेतली आणि पहिल्या स्लॉटमध्ये लावली. डिस्प्ले नाही. "ही रॅम पण गेली. मेलेल्या स्लॉटनं तिला पण खाल्लं." आणि मग माझ्याकडे बघून, "पुरात होतं न्हवं घर तुमचं? बाष्प लागलंय ताई. आतनं गंजलंय सगळं. आज दोन स्लॉट गेलेत, उद्या चारी जातील."

मी सगळं डोळ्यांनी बघितलं होतं, म्हणूनच विश्वास बसला. त्या क्षणी २०१९चा चिखल डोळ्यांसमोर उभा राहिला. पुढे मी काही विचारलंच नाही. "हा बोर्ड आता येत नाही, माझ्याकडं एकच पीस शिल्लक आहे," असं तो म्हणाला, आणि मी हो म्हटलं. बोर्डाचे ७,५०० रुपये, नवीन ८ जीबी रॅमचे २,८००, फिटिंग आणि विंडोज टाकायचे १,७००. बारा हजार रुपये यूपीआयने दिले. बिल मागितलं तर वहीच्या पानावर आकडे लिहून दिले. जुना बोर्ड मागितला तर म्हणाला, "भंगार नेऊन काय करताय?" अंक वेळेवर गेला, तेवढ्यावर मी समाधान मानलं.

भाऊबीजेला बहीण पुण्याहून आली. तिचा मुलगा एका कंपनीत सर्व्हर सांभाळायचं काम करतो. मशीन जरा अडखळतंय म्हणाले, तर त्याने बाजूचा पत्रा उघडला आणि पहिला प्रश्न विचारला, "मावशी, चार स्लॉट होते ना याला?" नवीन म्हणून दिलेल्या बोर्डावर दोनच स्लॉट होते. स्क्रूच्या भोकांभोवती आधीच्या स्क्रूंचे गोल व्रण होते आणि प्रोसेसर बसतो त्या सॉकेटच्या कडेला वाळलेली जुनी थर्मल पेस्ट. बोर्ड वापरलेला होता.

मग त्याने "नवीन" रॅम काढली. तिच्यावर दुकानाचं वॉरंटीचं स्टिकर होतं. नखाने हळूच उचललं, तर खाली कंपनीचं मूळ लेबल आणि त्यावरचा सिरियल नंबर. मी पुरापासून सगळे कागद प्लॅस्टिकच्या पिशवीत ठेवते. त्यात २०१९चं पक्कं बिल सापडलं, आणि त्या भल्या दुकानदाराने दोन्ही रॅमचे सिरियल नंबर बिलावर लिहून दिले होते. नंबर जुळला. गेलेली म्हणून सांगितलेली माझीच रॅम, वर स्टिकर लावून, २,८०० रुपयांना मला विकली होती. आणि ती दीड महिना धडधाकट चालत होती.

त्या रात्री भाच्याने कागदावर चौकोन काढून जे समजावलं, ते मला आधी कुणी सांगितलं असतं तर माझे पैसे वाचले असते. चार स्लॉट हे सुटे चार नसतात, दोन जोड्या असतात. पहिला-दुसरा एक चॅनेल, म्हणजे प्रोसेसरकडे जाणारा एक रस्ता, तिसरा-चौथा दुसरा चॅनेल. या चॅनेलची सूत्रं बोर्डाकडे नसतात. आताच्या प्रोसेसरमध्ये रॅमचा कंट्रोलर प्रोसेसरच्या आतच असतो. एएमडी या दुसऱ्या प्रोसेसर कंपनीने तो २००३मध्ये आत घेतला, इंटेलने डेस्कटॉपला २००८मध्ये. माझ्या बोर्डाच्या सॉकेटमध्ये ११५१ बारीक पिना आहेत, आणि प्रोसेसर त्यांच्यावर नुसता दाबून बसलेला असतो. कूलरचा एक स्क्रू जास्त आवळला आणि दुसरा सैल राहिला, तर प्रोसेसर किंचित कलतो, एका बाजूच्या पिना नीट टेकत नाहीत आणि अख्खा चॅनेल नाहीसा होतो. एखादी पिन वाकली तरी तेच. म्हणजे पहिला आणि दुसरा स्लॉट एकदमच बंद पडले, तर संशय स्लॉटवर घ्यायचा नाही. तो प्रोसेसर, सॉकेट आणि कूलरवर घ्यायचा.

आता त्या माणसाने दाखवलेलं पुन्हा बघा. दुसरी रॅम त्याने पहिल्या स्लॉटमध्ये लावली, म्हणजे त्याच बंद चॅनेलमध्ये. तिथे जगातली कुठलीही रॅम चालली नसती. चौथ्या स्लॉटमध्ये, जिथे पहिली रॅम चालली होती, तिथे त्याने दुसरी लावूनच बघितली नाही. रॅम गेली की नाही हे ठरवायचं तर ती चालू स्लॉटमध्ये लावायला हवी. आणि स्लॉट गेला की नाही हे ठरवायचं तर त्यात चालू रॅम लावायला हवी, शेजारच्या स्लॉटमध्येही तीच लावून बघायला हवी. रोज हेच काम करणाऱ्या माणसाला हे माहीत नसेल असं मी मानत नाही.

गंजाचंही तसंच. रॅमच्या खालच्या कडेला जे पिवळे संपर्कबिंदू दिसतात त्यांवर सोन्याचा मुलामा असतो, आणि सोनं गंजत नाही. धूळ आणि तेलकट थर मात्र बसतो, आणि त्यामुळेही हुबेहूब हीच लक्षणं दिसतात. त्यावर उपाय शाळेच्या दप्तरातला आहे. मशीन बंद करून प्लग काढायचा, बटण दहा सेकंद दाबून उरलेली वीज जाऊ द्यायची, कॅबिनेटच्या पत्र्याला हात लावून अंगावरची स्थिर वीज उतरवायची. मग स्लॉटच्या क्लिपा उघडून रॅम काढायची, संपर्काच्या कडेवर साधं खोडरबर हलकं फिरवायचं, भुगा पूर्ण झटकायचा, स्लॉटमधली धूळ कोरड्या मऊ ब्रशने काढायची. परत लावताना खाच जुळवायची आणि दोन्ही टोकं दाबायची, क्लिप खट्कन बसली पाहिजे. कितीतरी "गेलेल्या" रॅम एका टोकाला अर्धवट बसलेल्या असतात. एवढ्याने झालं नाही तर बोर्डावरचा गोल सेल, सीआर २०३२, पाच मिनिटं काढून ठेवायचा म्हणजे बायोसच्या, मशीन सुरू करणाऱ्या मूळ प्रोग्रॅमच्या, सेटिंग पुसल्या जातात. मशीन सुरू होत असेल पण मध्येच अडकत असेल, तर पेन ड्राइव्हवरून मेमटेस्ट हा रॅम तपासणारा प्रोग्रॅम रात्रभर चालवायचा.

मशीन सुरू होतंय पण रॅम कमी दिसतेय, असं असेल तर विंडोजच्या टास्क मॅनेजरमध्ये मेमरीच्या पानावर किती स्लॉट वापरात आहेत ते लिहिलेलं असतं. दुकानात नेण्याआधी आणि आणल्यानंतर त्या पानाचा फोटो काढा. रॅमच्या आणि बोर्डाच्या स्टिकरचाही काढा. माझ्याकडे जुनं बिल नसतं तर मी आज काहीही सिद्ध करू शकले नसते. एक गोष्ट नवीन मशीन घेणाऱ्यांसाठी. डीडीआर-५ या पुढच्या पिढीच्या रॅमची मशीन रॅम बदलल्यावर पहिल्यांदा सुरू होताना काही मिनिटं काळी स्क्रीन दाखवतात, तेव्हा ती रॅम जुळवून घेत असतात. त्या काळ्या स्क्रीनकडे बोट दाखवून कुणी बोर्ड उडाल्याचं सांगितलं, तर घाई करू नका.

दुकानात गेले. आधी उडवाउडवी, मग "पोरानं चुकून लावली असेल." जुना बोर्ड म्हणे भंगारात गेला. मी आरडाओरडा केला नाही. घरी येऊन राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ नंबरवर तक्रार नोंदवली. शेजारच्या वकीलकाकांनी नोटीस लिहून दिली, ती रजिस्टर पोस्टाने पाठवली. सोबत यूपीआयची पावती, वहीचं पान, दोन्ही स्टिकरचे फोटो आणि २०१९च्या बिलाची झेरॉक्स. काकांनी सांगितलं की २०१९च्या ग्राहक संरक्षण कायद्यात बिल न देणं हीदेखील अनुचित व्यापारी प्रथा धरली आहे. म्हणजे ज्या वहीच्या पानाची मला लाज वाटत होती, तेच त्याच्या विरोधातला पुरावा होतं.

नवव्या दिवशी फोन आला. रॅमचे २,८०० परत मिळाले, आणि भंगारात गेलेला माझा बोर्डही दुकानातून बाहेर आला. भाचा पुढच्या शनिवारी मुद्दाम आला. त्याने भिंग लावून सॉकेटच्या पिना तपासल्या, एकही वाकलेली नव्हती. प्रोसेसर बसवला, कूलरचे चारही स्क्रू समोरासमोरच्या कोपऱ्यांना थोडे थोडे फिरवत सारखे आवळले, रॅम दुसऱ्या आणि चौथ्या स्लॉटमध्ये लावल्या. सोळा जीबी. मग पहिल्या आणि तिसऱ्यातही लावून बघितल्या. चारही स्लॉट चालले. मला रडू आलं. मे महिन्यात त्याच दुकानात कूलर वेडावाकडा आवळला गेला होता. तो मुद्दाम आवळला असं मी म्हणणार नाही, तसा पुरावा माझ्याकडे नाही. पण ऑक्टोबरमध्ये स्क्रू सैल करून बघायला पाच मिनिटं लागली असती.

बोर्डाचे साडेसात हजार आणि फिटिंगचे पैसे त्याने दिले नाहीत. "बोर्ड तुम्ही वापरलात," एवढंच त्याचं उत्तर. त्यासाठी जिल्हा ग्राहक आयोगात अर्ज केला आहे. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला तिथे फी लागत नाही, आणि तक्रार करायला घटनेपासून दोन वर्षांची मुदत असते. बारा हजारांसाठी कुठे फेऱ्या मारता, असं मला बरेच जण म्हणाले. माझ्यासाठी बारा हजार म्हणजे अंकाच्या एकशे साठ पानांची सगळी मजुरी आहे.

झेरॉक्सच्या वहिनींना मी परवा चौकोन काढून हेच सांगितलं. त्यांनी माझ्यासमोर दुकानात फोन लावला आणि कागदावर बघून वाचलं, "दुसरी रॅम चौथ्या स्लॉटात लावून बघितली का? नसेल तर उद्या मी येते, माझ्यासमोर लावा." पलीकडे थोडा वेळ कुणी बोललं नाही. मग उत्तर आलं, "या ताई, बगू."

उद्या मीही त्यांच्याबरोबर जाणार आहे.