विंडोज ११ होम, नऊ महिन्यांनंतर: अपडेट चालेल, 'अपडेट अँड शट डाउन'चा भरवसा नाही

चादर-टॉवेलच्या ऑफिसातला बिलिंगचा डेस्कटॉप, ८ जीबी रॅम, एसएसडी. बाकी स्पेसिफिकेशन सगळ्यांना पाठ आहेत. स्पीडबद्दल तक्रार नाही. तक्रार एकच, रिस्टार्ट कधी व्हायचं ते मालक नाही, मशीन ठरवतं.

आधी कॅलेंडर काढा. महिन्याचं मोठं अपडेट दुसऱ्या मंगळवारी येतं, आपल्याकडे रात्री साडेदहा-साडेअकराला. म्हणजे ८ ते १४ तारखेच्या आतच. विक्रीच्या जीएसटी रिटर्नची, म्हणजे जीएसटीआर-१ ची मुदत मासिकवाल्यांना ११, तिमाहीवाल्यांना १३! रात्री मशीन बंद, त्यामुळे बुधवारी चालू केलं की डाउनलोड सुरू आणि मग रिस्टार्टचा तगादा. सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीत गाडीत गठ्ठे भरलेत, ड्रायव्हर दारात उभा, ई-वे बिल निघायचंय आणि पडद्यावर '३० टक्के पूर्ण, संगणक बंद करू नका'.

सगळे सांगतात, 'अॅक्टिव्ह अवर्स' लावा, म्हणजे कामाच्या त्या तासांत मशीन आपोआप रिस्टार्ट होत नाही. जास्तीत जास्त १८ तास लावता येतात. पण हा इलाज रात्रभर चालू राहणाऱ्या मशीनचा. दुकानाचं मशीन त्या उरलेल्या सहा तासांत बंदच असतं, मग काम साचतं आणि दिवसाच मानगुटीवर बसतं.

सर्व्हिसेसमध्ये जाऊन 'विंडोज अपडेट' डिसेबल करायचा जालीम उपायही टिकत नाही. विंडोजमधलीच दुसरी एक सर्व्हिस तिला पुन्हा उठवते. 'कायमचं बंद करा' हे माझंही सुरुवातीचं मत होतं, ते मागे घेतो. २०१७ मध्ये फायली कुलूपबंद करून खंडणी मागणाऱ्या 'वॉनाक्राय' व्हायरसवरची दुरुस्ती मार्चमध्येच आली होती, हल्ला झाला १२ मे रोजी. अपडेट न केलेली मशीनं अडकली. विंडोज १० वाल्यांनीही हसू नये, त्याचा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ लाच संपला.

मग चालतं काय? सेटिंग्ज, विंडोज अपडेट, तिथे 'पॉज'. दुसऱ्या मंगळवारच्या आदल्या सोमवारीच एक आठवडा लावून टाका, रिटर्नची तारीख निघून जाते. एकूण पाच आठवडे मिळतात, त्यानंतर साचलेलं घेतल्याशिवाय पुन्हा पॉज होत नाही. आठवडाभर थांबण्याचा दुसरा फायदा म्हणजे बिघाड आधी इतरांकडे कळतात. विंडोज १० च्या मार्च २०२१ मधल्या अपडेटनंतर काही प्रिंटरना प्रिंट दिली की निळा स्क्रीन येत होता. बिलिंगच्या मशीनला ते परवडणारं नाही. तरीही फसलात तर 'अपडेट हिस्टरी'त खाली 'अनइन्स्टॉल अपडेट्स' आहे.

सोबत वाय-फायच्या प्रॉपर्टीजमध्ये 'मीटर्ड कनेक्शन' चालू करा. बहुतेक अपडेट मग विचारल्याशिवाय उतरत नाहीत. हे प्रत्येक नेटवर्कला वेगळं लावावं लागतं, इथेच लोक चुकतात. ब्रॉडबँड गेलं, मोबाइलचा हॉटस्पॉट जोडला आणि रोजचा दीड जीबी जेवणाआधीच संपला, की समजा हॉटस्पॉटला लावायचं राहिलं. 'डिलिव्हरी ऑप्टिमायझेशन'ही बंद करा, आपलं नेट वापरून दुसऱ्यांच्या मशीनला अपडेट पुरवायची गरज नाही.

अपडेट घ्यायचा दिवस आपण ठरवायचा, यूपीएस चार्ज असताना. ६०० व्हीएचा यूपीएस दहा-पंधरा मिनिटं तग धरतो. हार्डडिस्कवर अपडेटला तासभर लागू शकतो, लाइट मध्येच गेली तर सगळंच लटकतं. एसएसडी नसेल तर आधी ती घाला.

आता मूळ दुखणं. 'अपडेट अँड शट डाउन' दाबून शटर ओढायचं आणि सकाळी बघावं तर मशीन लॉगिन स्क्रीनवर, पंखा रात्रभर चालूच. ५० वॉट धरले तर बारा तासांत ०.६ युनिट, वरून यूपीएसलाही आराम नाही. रक्कम किरकोळ आहे, मान्य. पण 'शट डाउन' लिहिलेल्या बटणानं बंद करू नये? ऑक्टोबर २०२५ अखेरच्या ऐच्छिक अपडेटमध्ये मायक्रोसॉफ्टनं ही चूक दुरुस्त केल्याचं लिहिलं. म्हणून या रिव्ह्यूत एक स्टार वाढवला. तरी अजून मी आधी 'अपडेट अँड रिस्टार्ट' घेतो, लॉगिन स्क्रीन आला की तिथूनच साधं शट डाउन. माउसच्या लाल दिव्यावर जाऊ नका, काही मदरबोर्डांवर मशीन बंद झालं तरी तो जळतो. सीपीयूच्या मागे हात धरून पंखा थांबला का ते बघा, मग भिंतीवरच्या बोर्डाचं बटण.