सहा बाटल्या बिअर, ₹४५,६८५ ला (आणि बिअर आलीच नाही)

पंचेचाळीस हजार सहाशे पंच्याऐंशी रुपये. ₹१,२०० अधिक ₹१९,४८६ अधिक ₹२४,९९९. बेरीज तपासून बघा, बरोबर आहे. बेरजा करणं हाच माझा धंदा आहे. अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत एका टॉवेलच्या कारखान्यात मी अकाउंट्स बघतो, दर महिन्याला जीएसटीचं रिटर्न मीच भरतो. हे वाक्य लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

वाईन शॉपच्या नावानं खोटा नंबर टाकून लुटतात, हे तुम्ही दहा वेळा वाचलेलं असणार. मीही वाचलं होतं. कोणीतरी ग्रुपवर टाकलं होतं आणि मी त्याखाली हसण्याचं चिन्हही टाकलं होतं. तेव्हा "एवढंही कळत नाही का" असं म्हणणाऱ्यांनी जरा दमानं घ्यावं.

५ मे २०२४, रविवार. मंगळवारी ७ तारखेला सोलापूर लोकसभेचं मतदान. मतदान संपायच्या आधीचे ४८ तास दारू बंद, म्हणजे रविवारी संध्याकाळी सहाला शटर खाली. ऊन असं की दुपारी गॅलरीतल्या नळाचं पाणी हाताला चटका देत होतं. आणि नेमका त्याच दिवशी माझा कॉलेजचा दोस्त पुण्याहून आला. वीस वर्षं पुण्यात राहतो, पण मतदार यादीतलं नाव अजून इथलंच, ते त्यानं हट्टानं बदललेलं नाही.

या दोस्ताबरोबर मी आयुष्यातली पहिली बिअर प्यायलो. विजापूर रोडला एक ढाबा होता. चौघांत मिळून एक बाटली, तीही कोमट, कारण दुपारपासून लाईट नव्हती. ढाबेवाल्यानं लादीचा बर्फ पोत्यात गुंडाळून फोडला आणि तो स्टीलच्या पेल्यात टाकून दिला. बिअरमध्ये बर्फ! आज कोणी घातला तर मी उठून जाईन. कडू लागली, फेस नाकात गेला, दोस्त म्हणाला, "काय बे, ह्याच्यापेक्षा काढा बरा." मग कडक भाकरी, शेंगाचटणी, वर तेल आणि पुन्हा एकेक घोट. घोट म्हणजे खरंच घोट, मोजून. पुढं चांगल्या हॉटेलात बसून, नळाची, विदेशी, सगळी पिऊन झाली, पण ती कोमट बाटली काही मागे पडली नाही. (आमच्यातला एकही तेव्हा एकवीसचा नव्हता, तेही सांगून टाकतो. लपवायला आता राहिलंय काय.)

तर बेत असा होता की तीच भाकरी, तीच चटणी, तोच दोस्त. बायकोनं शेंगाचटणी उखळात कुटून ठेवली होती. राहिली होती फक्त बिअर.

मी साडेचारलाच सात रस्त्याकडच्या एका दुकानासमोर रांगेत उभा होतो. अख्खं गाव लोटलं होतं. लोक पेट्या उचलत होते, दोन दिवसांचा नव्हे, दोन महिन्यांचा साठा करत होते. माझ्यापुढं चार माणसं असताना शटर पडलं. वर दुकानाचा पोऱ्या म्हणतो, "आता बुधवारी." घरी आलो. दोस्त आंघोळीला गेला होता. मी नकाशाच्या ॲपवर जवळची वाईन शॉप्स शोधली. एका दुकानाच्या नावासमोर मोबाईल नंबर होता. दुकान खरं आहे, मी त्याच्यावरून रोज जातो. दुकानाचा फोटो खरा, पत्ता खरा, खाली लोकांचे शेरे खरे. नंबर तेवढा चोराचा. नकाशावर कुणीही "दुरुस्ती सुचवा" म्हणून नंबर बदलू शकतो, हे मला नंतर कळलं.

मी त्या नंबरवर फोन लावला. "सर, काउंटर बंद है, होम डिलिवरी चालू है."

आता म्हणाल, ड्राय डेला घरपोच कोण देतं? सोलापुरात राहून असं विचारणारा माणूस मला दाखवा. ड्राय डेला शटरच्या मागून, बोळातून, पन्नास-शंभर जास्त देऊन मिळते हे शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. आणि घरपोचची सवय लावली कुणी? मे २०२० मध्ये लॉकडाऊनमध्ये सरकारनंच परवानगी दिली होती. मला तो माणूस बेकायदा वाटला, खोटा नाही वाटला. या दोन्हीत फरक आहे आणि हे लोक त्याच फटीत बसलेले असतात.

तो विचारतो, "बिअर साढ़े सात सौ एमएल वाली भेजूँ?"

इथं. इथंच फोन ठेवायला हवा होता. बिअरची मोठी बाटली ६५० मिलीची. ७५० चा खंबा असतो, व्हिस्की-रमचा. वाईन शॉपच्या काउंटरवरचं पोरगंसुद्धा झोपेत हे सांगेल. आणि मी काय केलं? मी त्याला शिकवलं. "अहो, साडेसातशे नाही, साडेसहाशे. स्ट्राँग." तो म्हणाला, "हाँ हाँ सर, वही." वर भाषा दिल्लीकडची. सोलापूरचा दुकानदार मराठीत बोलेल, कानडीत बोलेल, तेलुगूत बोलेल, आणि हिंदी बोललाच तर "नक्को साब, अब्बी आता" असली आपली हिंदी बोलेल. "जी भैया जी" म्हणणारा दुकानदार मी या गावात जन्मात पाहिलेला नाही. जुळे सोलापूर म्हटल्यावर त्यानं दोनदा विचारलं, "कौन सा सोलापुर?" मला वाटलं, नवा कामाला लागलेला असेल.

सहा बाटल्या, ₹१९० प्रमाणे ₹१,१४०, घरपोचचे ₹६०. क्यूआर कोड आला, मी ₹१,२०० पाठवले. नाव कुणा तरी वेगळ्याच माणसाचं दिसलं, दुकानाचं नाही. पण हेही सांगा, आपल्याकडं भाजीवाल्यापासून पानटपरीपर्यंत कोणाच्या कोडवर दुकानाचं नाव असतं? कुठं मेहुण्याचं, कुठं बायकोचं.

पाच मिनिटांनी फोन. "सर, लड़का निकल रहा है, बस जीएसटी का बिल बनाना है. कोड स्कॅन कीजिए, अमाउंट की जगह बिल नंबर डालिए, १९४८६. पैसा नहीं कटेगा."

आता ते वर लक्षात ठेवायला सांगितलेलं वाक्य काढा. पिण्याच्या दारूवर जीएसटी नाही. १ जुलै २०१७ ला जीएसटी आला त्या दिवसापासून नाही. दारूवर राज्याचं उत्पादन शुल्क आणि व्हॅट. हे मी कारखान्यातल्या नव्या पोरांना स्वतः शिकवलेलं आहे, पेट्रोल, डिझेल, दारू अशी बोटं मोडून. आणि तोच मी "जीएसटी का बिल" ऐकून मान हलवत होतो! रात्री झोप लागत नाही ती पैशांमुळं नाही, या एका शब्दामुळं. मी विचारलंही, "अहो, इथं रुपयाचं चिन्ह दिसतंय." तो शांतपणे म्हणाला, "वो तो हमेशा दिखता है सर, कोड डालने से व्हेरिफाय होगा." तिकडून दोस्त ओरडतोय, "आली का बे?" उकाडा, घाम, पाहुणा दारात, आणि कानात सतत बोलणारा माणूस. तो तुम्हाला एक क्षण गप्प बसू देत नाही, त्यांची खरी कारागिरी तीच आहे. मी पिन टाकला. ₹१९,४८६ गेले.

पिन पैसे देताना लागतो. घेताना लागत नाही, बिलाला लागत नाही, परताव्याला लागत नाही.

मग तिसरी रक्कम. इथं लोक जास्त हसतात. "एकदा फसल्यावर पुन्हा?" अरे बाबांनो, ज्याचे एकोणीस हजार आत्ता डोळ्यासमोर गेलेत त्याला ते परत हवे असतात, अक्कल नको असते. तो घाबरल्याचं नाटक करत म्हणाला, "सर, गलती से कट गया, सिस्टम में रिफंड का कोड डालिए, २४९९९, दोनों साथ में वापस आएँगे." स्वयंपाकघरातून बायको म्हणाली, "अहो, ठेवा तो फोन." मी तिला हातानं गप्प केलं. ₹२४,९९९ गेले. पुढचा कोड तो सांगायला लागला तेव्हा दोस्तानं टॉवेल गुंडाळलेल्या अवस्थेत येऊन फोन हिसकावला. माझ्याच कारखान्याचा टॉवेल होता.

आता साहेब लोकांचं ऐका.

रात्री आमच्या भागातल्या ठाण्यात गेलो. समोरच्या हवालदारानं पहिला प्रश्न काय विचारावा? "परमिट आहे का?" म्हटलं, कसलं? "दारू बाळगायचं, प्यायचं. परमिट लागतं माहितीये ना? आणि ड्राय डेला मागवत होता." शेजारचा हसला. कायद्यानं लागतं, मान्य. एका दिवसाचं पाच रुपयांत मिळतं. पण अख्ख्या रांगेत एकालाही कुणी परमिट विचारलं नव्हतं, आणि ते विचारायची वेळ आली ती नेमकी माझे पंचेचाळीस हजार गेल्यावर! मी आरोपी की फिर्यादी, हेच मला कळेना. मग म्हणाले, सगळा स्टाफ बंदोबस्ताला आहे, मतदान झाल्यावर या. आणि असं सायबरचं तिकडं, सायबर ठाण्यात द्यायचं असतं. तिकडं म्हणाले, आधी तुमच्या हद्दीतल्या ठाण्यात अर्ज द्या. अर्ज दिला तर तीन प्रतींत हवा, स्क्रीनशॉट छापून हवेत, तेही रंगीत. मी म्हटलं, भारतीय दंड संहितेचं ४२० लावा, माहिती तंत्रज्ञान कायद्याचं ६६ ड लावा. तर म्हणाले, "वकील आहात का?" गुन्हा नोंदलाच नाही. "अर्ज चौकशीवर आहे" एवढंच आजवर उत्तर. "रक्कम तशी लहान आहे ओ," असंही एकजण म्हणाला. माझा दीड महिन्याचा पगार आहे तो.

बँक सोमवारी उघडली. साहेबांनी न बघताच विचारलं, "पिन तुम्हीच टाकलात ना? मग व्यवहार तुम्हीच केलात." रिझर्व्ह बँकेचं २०१७ चं परिपत्रक आहे, तीन कामाच्या दिवसांत कळवलं तर ग्राहकाची जबाबदारी शून्य, असं मी तावातावानं सांगितलं. त्यांनी तेच परिपत्रक माझ्यापुढं सरकवलं. शून्य जबाबदारी ग्राहकाची चूक नसेल तेव्हाच. ग्राहकानंच निष्काळजीपणा केला असेल तर कळवेपर्यंतचं नुकसान ग्राहकाचं. मग मी म्हटलं, पैसे ज्या खात्यांत गेले ती खाती तरी कुणाची, कुठल्या कागदपत्रांवर उघडली? ते गोपनीय. माझा पॅन, आधार, फोटो, सही, वीजबिल सगळं घेऊन मला खातं देतात, आणि चोराचं खातं गोपनीय! फॉर्म भरून घेतला, शिक्का मारला, मंगळवारी मतदानाची सुट्टी.

या धावपळीत १९३० ला, म्हणजे सायबर फसवणुकीच्या सरकारी हेल्पलाईनला फोन करायचा राहिला. तो मी सोमवारी दुपारी केला. पहिल्या मिनिटाला करायची गोष्ट तीच होती. ठाणं नंतर, बँक नंतर, दोस्ताला तोंड दाखवणं नंतर. आधी १९३०, मग सायबर गुन्ह्यांच्या सरकारी पोर्टलवर तक्रार. पैसे एका खात्यातून दुसऱ्यात, दुसऱ्यातून चौथ्यात पळत असतात, मध्ये कुठं अडवले तरच अडतात. माझे ₹६,३०० दुसऱ्या राज्यातल्या एका खात्यात अडकवून ठेवले आहेत. मिळायला कोर्टाचा आदेश आणा, असं तेव्हा म्हणाले. वकिलानं फी सांगितली ₹५,०००. बेरीज-वजाबाकी तुम्हीच करा.

व्यवहाराचा क्रमांक असतो तो मेसेज पुसू नका. लाजेनं मी चोराबरोबरचं चॅट उडवलं होतं, ते नंतर नाक घासत परत मिळवावं लागलं. दुकानाचा नंबर बिलावरून किंवा पाटीवरून घ्या, नकाशावरून नको. आणि फोनवरचा माणूस दुकानातला आहे का हे बघायचं असेल तर त्याला विचारा, दुकानासमोर काय आहे.

बुधवारी मी त्या खऱ्या दुकानात गेलो, भांडायच्याच तयारीनं. मालक गल्ल्यावर बसले होते. मी तोंड उघडायच्या आत म्हणाले, "नकाशावरचा नंबर ना? किती गेले?" त्यांच्याकडं आधीच लोक येऊन शिव्या घालून गेले होते, एकानं तर काउंटरची काच फोडली. त्यांनी नंबर दुरुस्त केला की चार दिवसांत पुन्हा बदलतो म्हणे. ठाण्यात गेले तर त्यांनाच विचारलं, तुम्ही ड्राय डेला माल पाठवता का. आता त्यांनी गल्ल्यावर पुठ्ठ्याची पाटी टांगली आहे, "आम्ही घरपोच देत नाही. फोनवर पैसे देऊ नका." मी नकाशावर त्या नंबराची तक्रार केली, "तुमची सूचना तपासत आहोत" असं उत्तर आलं. काल बघितलं तर तिथं नवा नंबर आहे, आणि तोही दुकानाचा नाही.