मध्यपर्वातील चित्रकार आणि गुंतवणूक: एका सल्लासेवेचा अनुभव
कारकिर्दीच्या मध्यावर असलेल्या चित्रकारांची चित्रे गुंतवणूक म्हणून घेण्यासाठी मी ज्या सल्लासेवेची मदत घेतली, तिने प्रत्येक चित्रकाराची आजवरची प्रदर्शने, संग्रहालयांनी केलेली खरेदी आणि लिलावातील फेरविक्रीच्या नोंदी आधी समोर ठेवल्या, हे मला फार मोलाचे वाटले. ब्रिटिश चित्रकार डेमियन हर्स्ट यांनी २००८ मध्ये, वयाच्या ४३ व्या वर्षी, कलादालनांना वगळून थेट लिलावात विक्रमी विक्री केली आणि त्यानंतर त्यांचे भाव घसरले, हे उदाहरणही सल्लागारांनी हातचे राखले नाही. कॅनव्हास उलटा करून मागची सही, जुन्या कलादालनाचे लेबल आणि चौकटीलगतचा ओलाव्याचा फिकट डाग त्यांनी बोट ठेवून दाखवला. विक्रीच्या वेळच्या दलालीचा विषय मात्र मी विचारल्यावरच निघाला. ही उणीव मी गंभीर मानतो, कारण फेरविक्रीला अनेक वर्षे लागू शकतात आणि नफ्याला पहिली कात्री या दलालीचीच लागते.