वखराच्या बाभळीचं पेन, साडेपाचशे रुपये

मी चोपड्याची. बिबडे, पापड, कुरडया करून विकते. पेनातलं मला फार कळत नाही, पण भाव कसा काढतात ते कळतं. म्हणून हे लिहिते आहे.

जळगावला बचत गटांच्या प्रदर्शनात माझ्या शेजारच्या टेबलावर अमळनेरचा एक मुलगा हाताने केलेली पेनं मांडून बसला होता. लोक यायचे, पेन उचलायचे, फिरवून बघायचे, किंमत ऐकायचे आणि ‘दहा रुपयांना मिळतं की’ म्हणत माझे भाजलेले बिबडे चाखायला वळायचे. मलाच कसंतरी झालं. संध्याकाळी त्याला विचारलं, “भाऊ, माझ्या घरच्या लाकडाचं करून देशील का?”

वडिलांचा वखर गोठ्यात पडून होता. लोखंडी पास, म्हणजे खालचं पातं, कधीच भंगारात गेली, बाभळीचं खोड तेवढं राहिलं होतं. त्याचा हातभर तुकडा कापून त्याला नेऊन दिला. गोठा गळका, तुकडा दमट. त्याने तीन आठवडे लेथला, म्हणजे लाकूड फिरवून कोरायच्या यंत्राला, लावलाच नाही. दर चार दिवसांनी काट्यावर ठेवायचा आणि वजन लाकडावरच पेन्सिलीने लिहायचा. वजन उतरायचं थांबलं तेव्हा कामाला घेतला. ओल्या लाकडाचं पेन आपल्याकडच्या मे महिन्यात तडकतं, म्हणाला. ते मला वेगळं सांगायला नको, अर्धवट वाळलेल्या पापडाचं काय होतं ते मी बघितलंय.

त्याच्या वडिलांच्या फर्निचरच्या दुकानामागे पत्र्याच्या शेडमध्ये त्याचं काम चालतं. बाहेर पाटी नाही. मी मुद्दाम बसून बघितलं. पहिल्या तुकड्याला भोक पाडताना आत मोडलेला खिळा निघाला, ड्रिलचं टोक गेलं. दुसऱ्यात पितळी नळी चिकटवली, आकार येत आला आणि टोकाची खपली उडाली. तिसरा टिकला. पटाशी दोनदा दगडावर घासून घ्यावी लागली, इतकी ही बाभूळ टणक. वरची राखाडी कातडी गेली आणि आतून तांबूस-तपकिरी गाभा निघाला, त्यात काळ्या रेघा. मग दीडशे नंबरपासून सहाशेपर्यंत पॉलिश पेपर आणि वर सुपरग्लूचे पातळ हात, एकावर एक. त्या वासाने डोळ्यांना धारा लागतात. मोडलेले दोन तुकडे धरून अडीच तास गेले.

किंमत साडेपाचशे! विचारलं, कशी काढली? म्हणाला, “ताई, लाकूड तर तुमचंच, त्याचे काय घेऊ? क्लिप, नळ्या, फिरकी असा पेनाचा संच एकशे साठचा, ग्लू-पेपर पंचवीस. एकशे पंच्याऐंशीची तिप्पट.”

माल गुणिले तीन. माझंही हेच चुकायचं. ज्वारी स्वस्त म्हणून बिबडे स्वस्त आणि उडीद महाग म्हणून पापड महाग, असे भाव मी चार वर्षं लावले. पण बिबड्याची ज्वारी तीन दिवस भिजते, मग भरडा, मग शिजवताना घाटून घाटून खांदे भरून येतात, मग ओल्या कपड्यावर थापायचे. उडदाचे पापड बायका गप्पा मारत लाटतात. म्हणजे कष्टाचा माल मी स्वस्त विकत होते.

त्याचंही तसंच चाललंय. रंगीत अॅक्रिलिकचं पेन तो बाराशेला देतो, कारण कांडीच सव्वादोनशेची पडते, खर्च चारशे. पण अॅक्रिलिकला ना ओल ना खिळा. पटाशीला धार असली की पाऊण-एक तासात पेन तयार. इबोनाइटचं शाईपेन साडेचार हजारांना. इबोनाइट म्हणजे गंधक घालून कडक केलेलं रबर, घासलं की वास येतो. आटे पाडण्यात त्याचा दिवस जातो, त्याचे पैसे घ्यावेतच. पण जर्मन निब अकराशेची. ती तो घडवत नाही, नीट करून बसवतो, तरी तिचीही तिप्पट. म्हणूनच शाईपेनाला गिऱ्हाईक कमी.

मी तिथेच पापडांच्या पावतीमागे मांडून दाखवलं. तासाला तीनशे धर आणि वर माल जसा पडला तसा. बाभूळ नऊशेच्या वर जाते, अॅक्रिलिक सातशेत बसतं, शाईपेन तेहतीसशे. त्याला पटलं असं दिसलं नाही. “बाभळीला नऊशे कोण देईल, ताई?” मी नऊशे पुढे केले, त्याने साडेपाचशेच घेतले.

आता पेनाविषयी. वर्ष झालं, एक अख्खा मे महिना त्याने काढला. लाकडाला तडा नाही, हातात धरलं की वजन छान लागतं. क्लिपचा सोनेरी मुलामा मात्र घामाने चौथ्या महिन्यात उडाला, खालचा पांढरा धातू दिसतो. आणि रिफिल! आत क्रॉस कंपनीच्या नमुन्याची बारीक रिफिल लागते, चोपड्यात चार दुकानं फिरले, कुठेच नाही. शेवटी त्यालाच फोन करून कुरिअरने मागवली. नेहमीची मिळणारी रिफिल बसेल असा संच त्याने वापरावा, नाहीतर पेनासोबत दोन जादा द्याव्यात आणि तेवढे पैसे लावावेत.

वडिलांना पेन दिलं तेव्हा त्यांनी आधी लाकूड नखाने खरवडून बघितलं. मग, “कितलाले लिधा?” मी भीत भीत दीडशे सांगितले. “महाग पडना,” म्हणाले आणि खिशाला लावलं. सोसायटीत सही करताना आता दुसऱ्याचं पेन घेत नाहीत.

पाचपैकी चार देते, एक गुण क्लिप आणि रिफिलचा कापला. घ्यायचं असेल तर बाभळीचं किंवा अंजनाचं घ्या. सध्याच्या भावात तेच सगळ्यात स्वस्त पडतं, आणि किती दिवस पडेल सांगता येत नाही, कारण ती पावती त्याने फेकली नव्हती, ड्रिलच्या डब्यात ठेवली होती. स्वतःचं लाकूड देणार असाल तर वीतभर तरी द्या, दोन तुकडे वाया जातात असं धरून. आणि खिळा आहे का ते आधी बघा.